१०८ च्या गाडीत, मागच्या बाजूला

नवीन पोरंपोरी १०८ ॲम्ब्युलन्सच्या गाडीवर आली की पहिल्या दिवशी पायलटशेजारच्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या, सीटवर जाऊन बसतात. सायरनचं बटण कुठलं, टोलनाक्यावर थांबायचं का, वंटमुरी घाटात किती स्पीड मारायचा, असले प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागं बसवतो आणि दार ओढून घेतो. ईएमटीची, म्हणजे गाडीत पेशंटला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाची, नोकरी त्या दाराच्या आत असते. तिथून रस्ता दिसत नाही, सायरनही नीट ऐकू येत नाही. समोर एक माणूस आडवा असतो, त्याच्या उशाशी घाबरलेला नातेवाईक, आणि पुढचा तासभर या दोघांचे तुम्हीच.

त्या एका तासात काय चालतं, ते नव्याने शिकणाऱ्यांना कळावं म्हणून हा लेख. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. आज ना उद्या आपल्या घरातलं कुणीतरी त्या स्ट्रेचरवर असतंच.

१०८ ची सेवा पहिल्यांदा हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झाली. कर्नाटकात ती 'आरोग्य कवच' या नावानं १ नोव्हेंबर २००८ ला आली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली. नंबर तोच, पण सीमेच्या दोन बाजूंच्या गाड्या सारख्या नाहीत. महाराष्ट्राच्या १०८ मध्ये मागं डॉक्टर बसलेला असतो. आपल्याकडं, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव भागात, साधारणपणे मागं ईएमटी एकटा आणि डॉक्टर फोनवर. म्हणजे निपाणीच्या गाडीत जे तुम्ही बघायचं, ते कागलच्या गाडीत डॉक्टर बघतो. ही तक्रार नाही, पण जबाबदारी केवढी आहे ते कळायला बरं.

सीमेवरची आणखी एक गंमत. कोगनोळी किंवा शिनोळीच्या आसपास मोबाईल कधी या राज्याच्या टॉवरवर असतो, कधी त्या. त्यामुळं १०८ लावला की फोन पलीकडच्या राज्याच्या कक्षात लागू शकतो. फोन करणाऱ्यानं आधी जिल्हा, तालुका, गाव सांगितलं की वेळ वाचतो. हे आपल्या गावात, तरुण मंडळात, दूध डेअरीवर सांगून ठेवा. नुसतं 'मारुतीच्या देवळाजवळ या' म्हटलं तर प्रत्येक गावात मारुती आहेच.

प्रत्येक दुखण्याचं घड्याळ वेगळं

या कामातली एकच गोष्ट डोक्यात ठेवायची असेल तर ही ठेवा: प्रत्येक दुखण्याचं स्वतःचं घड्याळ असतं. हृदय थांबलं तर मेंदूला इजा व्हायला ४ ते ६ मिनिटांत सुरुवात होते. घशात काही अडकून श्वास पूर्ण बंद झाला तर तेवढाच वेळ. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रिकामा होतो. पोटात आतल्या आत रक्त जात असेल तर थोडा वेळ मिळतो, पण ते रक्त गाडीत थांबवता येत नाही, त्याला ऑपरेशन थिएटरच लागतं. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाला असेल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोडलेलं मनगट उद्या सकाळपर्यंतही थांबेल. दुखेल, पण थांबेल.

आता ही घड्याळं आपल्या नकाशावर ठेवून बघा. कनकुंबीहून बेळगाव पन्नासेक किलोमीटर, आणि पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यानं हे अंतर तासाभरात तुटेलच असं नाही. भीमगडच्या जंगलातल्या काही वाड्यांत तर आजही पावसाळ्यात ओढे भरले की पेशंटला लाकडाला घोंगडं बांधून डोलीतून गाडीपर्यंत आणतात. म्हणून ज्याचं घड्याळ मिनिटांचं आहे त्याला जागेवरच उपचार, कारण हॉस्पिटल त्याच्या घड्याळात बसतच नाही. ज्याचं घड्याळ तासांचं आहे आणि उपाय फक्त हॉस्पिटलात आहे, त्याला उचला आणि निघा. उरलेली कामं चालत्या गाडीत. आणि ज्याचं घड्याळ दिवसांचं आहे त्याच्यासाठी पायलटला सांगा, 'भाऊ, खड्डे चुकवत चल.'

'गोल्डन अवर' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. २०१९ च्या दुरुस्तीनं तो मोटार वाहन कायद्यातही आला: अपघातातल्या जखमेनंतरचा पहिला तास. पण साठाव्या मिनिटाला काही दार बंद होत नाही आणि एकोणसाठाव्यापर्यंत सगळं सुरक्षित असतं असंही नाही. घड्याळ कुठलं आहे ते आधी ओळखायचं.

आधी आपण

ऊस तोडणीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यात रात्रीचे रस्ते ट्रॅक्टरनं भरलेले असतात. दोन दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला. मोटरसायकलवाला मागून आत घुसतो. तुम्ही पोचता तेव्हा माणूस रस्त्यात, ट्रॉली रस्त्यात, आणि तुमच्या मागून येणाऱ्या तिसऱ्या गाडीला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून आधी आपली गाडी अशी उभी करायची की येणारी वाहनं आपल्या गाडीला बघून थांबतील, आपल्या पाठीला नव्हे. दिवे चालू, हातात ग्लोव्हज, अंगावर चमकणारं जाकीट, मग पेशंट.

विजेची तार पडली असेल तर हेस्कॉमनं, म्हणजे वीज कंपनीनं, लाइन बंद केल्याचं कळवल्याशिवाय जवळ जायचं नाही. जुन्या विहिरीत कुणी बेशुद्ध पडलं असेल तर वरून उडी मारायची नाही. आत वायू साठलेला असतो, आणि एकाला काढायला गेलेले दोघं तिघं आतच राहिल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ईएमटी पडला तर एका पेशंटचे दोन होतात आणि बघणारा कुणी उरत नाही.

पहिली दोन मिनिटं

रक्त दिसलं की नवशिक्याचे डोळे तिकडंच जातात. डोक्याची कातडी फाटली की रक्ताचा सडा पडतो, माणूस भयानक दिसतो, आणि पुष्कळदा तो बसून बोलत असतो. शेजारी शांत पडलेला, कुठं खरचटलेलंही नाही असा माणूस जास्त वाईट अवस्थेत असू शकतो. आरडाओरडा करणाऱ्याची श्वासनलिका उघडी आहे एवढं तो स्वतःच ओरडून सांगतोय. गप्प असलेल्याकडं आधी जा.

तपासायचा क्रम ठरलेला आहे, आणि तो घड्याळावरूनच ठरलाय. जे सगळ्यात लवकर मारतं ते सगळ्यात आधी. रक्ताची चिळकांडी उडत असेल तर तीच पहिली. तिथं हातानं घट्ट दाबा, थांबलं नाही आणि जखम हातापायावर असेल तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा. तो जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची. मग श्वासनलिका. मग श्वास. मग रक्ताभिसरण. मग मेंदू. शेवटी अंगावरचे कपडे बाजूला करून बाकी काही राहिलं का ते बघायचं आणि लगेच पांघरायचं, कारण थंड पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

हे सगळं वाचायला लांबलचक वाटतं, पण सुरुवातीचा अंदाज एका प्रश्नात येतो. जवळ बसून, खांद्याला हात लावून विचारा, 'नाव काय तुमचं? काय झालं?' माणसानं स्वच्छ, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तर श्वासनलिका उघडी, श्वास चालू, मेंदूला रक्त पोचतंय. दोन शब्दांवर दम लागून थांबला तर श्वासाची अडचण. उत्तर भलतंच आलं तर मेंदू, साखर किंवा ऑक्सिजन. उत्तरच आलं नाही तर चिमटा काढून बघा. त्यालाही हालचाल नाही म्हणजे तो स्वतःची जीभही सांभाळू शकत नाही, ती मागं पडून वाट अडवणार. हनुवटी वर, कपाळ मागं. मानेला मार असल्याची शंका असेल तर मान न हलवता फक्त जबडा पुढं ढकलायचा. तोंडात ओकारी किंवा रक्त असेल तर सक्शन, म्हणजे नळीनं ओढून घेणं, पण एका दमात १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नको. तुम्ही ओढताय ती नुसती घाण नसते, त्याच्यासोबत हवाही जाते.

श्वास मोजायचा. खरंच मोजायचा. मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २० हा नेहमीचा आकडा. कागदावर सगळ्या पेशंटचा श्वास '१८' लिहिलेला दिसला की मला कळतं, कुणी घड्याळ बघितलेलं नाही. ३० च्या वर गेलेला श्वास हा पेशंट बिघडत असल्याचा सगळ्यात आधी दिसणारा इशारा, आणि त्यासाठी मशीन लागत नाही.

आता नाडी आणि बीपी. इथं सगळे फसतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटर-दीड लिटर जाऊ शकतं, बाहेर एक थेंब न दिसता. तरणाताठा माणूस असेल तर त्याचं शरीर रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून बीपी धरून ठेवतं. जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत मशीन १२०-८० च्या आसपासच दाखवेल, आणि मग एकदम कोसळेल. त्यामुळं बीपी नॉर्मल म्हणून निवांत बसू नका. नाडी १२० आहे का, हातपाय गार आणि घामेजलेले आहेत का, नख दाबून सोडल्यावर लाली परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागतात का, माणूस उगाच चुळबुळ करतोय, पाणी पाणी करतोय का, हे बघा. बीपी पडल्यावर शॉक (अंगाला रक्त अपुरं पडणं) ओळखणं म्हणजे घर जळल्यावर धूर दिसला म्हणण्यासारखं.

शेवटी साखर. बेशुद्ध, बरळणारा, अर्धांग लुळं पडलेला, झटके आलेला, कुणीही असो, बोटाला टोचून साखर बघायचीच. एका बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ दुकानाच्या पायरीवर पडले होते. गर्दीनं निकाल दिला होता: 'पिऊन पडलाय, दुसरं काय.' अंगाला घाम, बोलणं लडबडणारं. साखर ३८ निघाली. सकाळी इन्सुलिन घेऊन घरातून निघाले होते आणि जेवायचं राहिलं होतं. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर पाच मिनिटांत ते उठून बसले आणि आधी पिशवी शोधायला लागले. ७० च्या खाली साखर म्हणजे कमी. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरपाणीसुद्धा चालतं. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही.

हृदय थांबलं तर

हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही किंवा मधूनच माशासारखा आ वासतोय, मानेवर नाडी लागत नाही. हे तपासायला १० सेकंदांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, २ श्वास. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन, आला की लगेच लावा, तो बोलतो तसं करा.

हे करायचं ते जमिनीवर, जिथं पडलाय तिथं. नातेवाईक ओरडत असतात, 'आधी गाडीत घाला!' त्यांचं चुकत नाही, त्यांना गाडी म्हणजेच उपचार वाटतो. पण वळणावळणानं पळणाऱ्या गाडीत, एका हातानं दांडी धरून दिलेले दाब अर्धेमुर्धे असतात. विजेचा शॉक देण्याजोगा ठोका असेल आणि काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, म्हणून गाडी पोचायच्या आधी शेजाऱ्यानं सुरू केलेले दाब सगळ्यात मोलाचे. फोनवरच गावकऱ्याला सुरू करायला सांगा.

ऑक्सिजनचा हिशेब इथंच सांगून टाकतो, कारण परीक्षेत तो विचारतात आणि रस्त्यावर तो विसरतात. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मास्कला मिनिटाला १० लिटर लावलात तर १५० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर ७५. माझ्या दुसऱ्या महिन्यात मी काटा न बघता चोर्ला घाटाकडं निघालो होतो. परतीच्या वाटेवर काटा लाल पट्ट्यात गेला आणि पुढची वीस मिनिटं मी स्वतःच श्वास धरून बसलो. तेव्हापासून ड्युटी सुरू झाली की चहाच्या आधी काटा. आणि ऑक्सिजन म्हणजे प्रसाद नव्हे, सगळ्यांना वाटायचा. साधारण पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या वर ठेवायला लागेल तेवढा. वर्षानुवर्षं चुलीचा धूर किंवा विडी ओढून फुप्फुसं खराब झालेल्या जुन्या दमेकऱ्याला ८८ ते ९२ पुरे.

साप आणि 'औषध'

पुस्तकात या दोन गोष्टींना दोन-दोन पानं असतात. आपल्या भागात त्यांना अख्खा धडा हवा.

विषारी साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कन्नड घरातून फोन आला तर मण्यारीला 'कट्ट हाव' आणि घोणसाला 'कोळकमंडल' म्हणतील, हे शब्द कानावर असू द्या. घोणस आणि फुरसं रक्तावर काम करतात: सूज, दुखणं, हिरडीतून, लघवीतून रक्त. नाग आणि मण्यार नसांवर काम करतात: पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, थुंकी गिळता न येणं, आणि शेवटी छातीचे स्नायूच थकून श्वास बंद.

मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे माणूस उठतो आणि म्हणतो, 'पोटात दुखूलालंय, घसा आवळूलालाय.' घरचे ओवा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं जुळलं तर खूण सापडो न सापडो, मण्यार धरून चाला. अशा पेशंटचा श्वास वाटेत थांबू शकतो. तेव्हा घाबरायचं नाही. अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबून हवा द्यायच्या पिशवीनं, दर ६ सेकंदांला एक श्वास देत राहायचं. त्याचं हृदय धडधाकट असतं, मेंदूही जागा असतो, फक्त छाती हलवायला कुणीतरी हवं. पूर्ण निपचित दिसणाऱ्या अशा माणसाला सगळं ऐकू येत असतं, म्हणून त्याच्या उशाशी 'आता काय राहिलंय' असलं कुणी बोलू लागलं तर त्याला पुढं पायलटजवळ बसवा.

करायचं काय? धीर द्या, चावलेला अवयव फळी बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या, जोडवी, बांगड्या, काळा दोरा आधी काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत. सूज कुठवर आलीय तिथं पेनानं रेघ मारून वेळ लिहा. हे डॉक्टरला शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतं. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, आवळून दोरी नाही. घरच्यांनी आधीच दोरी बांधली असेल तर ती वाटेत झटकन सोडू नका, फोनवरच्या डॉक्टरला विचारा. अडकलेलं विष एकदम अंगात सुटू शकतं. साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. या चारही सापांवर प्रतिविष एकच आहे, आणि मेलेल्या सापाचं तोंडही काही वेळ चावू शकतं. देवऋष्याकडं नेऊन मग फोन केला असेल तर वाद घालत बसू नका. 'मंत्र चालू दे, पण गाडीत चालू दे' म्हणायचं. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचं हे वाक्य, आणि ते दर वेळी चालतं.

निघायच्या आधी एक फोन मात्र करायचा: जिथं नेताय तिथं प्रतिविष शिल्लक आहे का, श्वासाचं मशीन आहे का. जवळचं हॉस्पिटल आणि योग्य हॉस्पिटल ही दोन वेगळी ठिकाणं असू शकतात. २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळं तुमच्या कागदावरची वेळ आणि गाव यांनाही महत्त्व आलंय.

आता 'औषध'. आपल्याकडं 'औषध प्यालाय' म्हणजे फवारणीचं कीटकनाशक, हे शहरातून आलेल्याला सांगावं लागतं. त्यातलं ऑर्गनोफॉस्फेट गटातलं असेल तर माणूस सगळीकडून पाझरतो: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, ओकारी, जुलाब, आणि छातीत घुरघुर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तो बहुधा स्वतःच्या छातीतल्या पाण्यातच बुडतो, म्हणून इथं पहिलं काम सक्शन आणि ऑक्सिजन, आणि फोनवरच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून ॲट्रोपिन, म्हणजे त्यावरचा उतारा. ओकवायचं नाही. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजलं असेल तर ते नोंदवा, त्यांच्यावर ओरडू नका. कपडे काढून अंग साबणपाण्यानं धुवा, कारण कपड्यातलं विष कातडीतून आत जातच राहतं, आणि ग्लोव्हज नसतील तर तुमच्याही. डबा किंवा बाटली सोबत घ्या. आणि पेशंटशी बोला. का प्यालास, हे विचारू नका. ते काम दुसऱ्यांचं. 'मी इथंच आहे, हात धर,' एवढं पुरतं.

छाती, तोंड, हात

छातीत दुखतंय म्हणणारा सगळ्यांना कळतो. न कळणारा असतो तो 'पित्त झालंय' म्हणणारा मधुमेही, किंवा 'उगाच दम लागूलालाय, जबडा दुखूलालाय' म्हणणारी साठीची मावशी. बायका आणि मधुमेही यांचा हार्ट अटॅक पुष्कळदा छातीत दुखत नाही. ईसीजीची सोय असेल तर काढून डॉक्टरला पाठवा, ॲस्पिरिन चावायला द्यायची का ते विचारा, आणि त्याला जिना चालून उतरू देऊ नका. 'मी चालतो की' असं तो म्हणणारच. खुर्चीवर बसवून उचला.

पक्षाघातात तोंड वाकडं, एक हात खाली पडणारा, बोलणं अडखळणारं, यातलं एक जरी असलं तरी नातेवाईकांना एकच प्रश्न: 'शेवटचे ठीक कधी होते?' दिसलं कधी, ते नव्हे. रात्री दहाला ठीक झोपले आणि सकाळी सहाला वाकडं तोंड दिसलं, तर घड्याळ दहापासून धरतात. मग सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच, थेट. निपाणीतून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. राज्याची हद्द आजाराला कळत नाही, पण गाडीच्या नियमांना कळते, म्हणून कुठं न्यायचं ते कंट्रोल रूमला आधी विचारा. दारात पोचल्यावर 'आधी पैसे, आधी पोलिस' ऐकू आलं तर लक्षात ठेवा: जीव वाचवणं आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय. अपघातातल्या जखमींसाठी तर २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांच्या उपचारांची केंद्राची कॅशलेस योजना आहे. मदत करून आणणाऱ्या वाटसरूला अडकवून ठेवता येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये ते स्पष्ट आहे. गर्दीत उभ्या पोरांना हे मोठ्यानं सांगा, उचलायला चार हात लगेच मिळतात.

भाषा हीसुद्धा पेटीतली वस्तू

मराठी माणूस म्हणून तुम्ही या भागात काम करणार असाल तर पाच कन्नड वाक्यं ऑक्सिजनइतकीच जवळ ठेवा. 'एनागेत्री?' काय झालंय. 'एल्ली नोवैत्री?' कुठं दुखतंय. 'एदी नोवु' म्हणजे छातीत दुखणं. 'हाव कडदैती' म्हणजे साप चावलाय. आणि 'अंजब्याड्री', घाबरू नका. सगळ्यात उपयोगी हे शेवटचंच. भाषेवरून जे व्हायचं ते बाहेर होऊ दे. दुखणारा माणूस कळवळतो ते आपल्या आईच्या भाषेत, आणि त्याला त्याच भाषेत उत्तर मिळालं की नाडी दहा ठोक्यांनी तरी उतरते. हे मोजून सांगतोय.

एकदम वीस पेशंट

सौंदत्तीच्या यल्लम्माची नाहीतर चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, परतीचा टेंपो, उलटला. अशा वेळी पहिली गाडी पोचली की पहिल्या पेशंटला चिकटून बसायचा मोह होतो. बसायचं नाही. आधी कंट्रोल रूमला आकडा सांगा, मग मोठ्यानं ओरडा: 'चालता येतं त्यांनी त्या झाडाखाली या!' मग प्रत्येकाला रंगाची पट्टी. चालत आले ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांत श्वास ३० च्या वर, किंवा नखाची लाली उशिरा येणारा, किंवा साधं सांगितलेलं न कळणारा, तो लाल, म्हणजे सगळ्यात आधी. बाकी पिवळे, लालनंतर. श्वासनलिका उघडूनही श्वास नसलेला काळा, म्हणजे सगळ्यात शेवटी. एकट्यानं काळी पट्टी बांधून पुढच्याकडं जाणं हे या नोकरीतलं सगळ्यात जड काम, आणि ते कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

सोपवताना

हॉस्पिटलच्या दारात चौघं चार बाजूंनी विचारतात. तीस सेकंदांत, याच क्रमानं सांगा: कोण आणि किती वयाचा, काय घडलं आणि किती वाजता, तुम्हाला काय सापडलं, आकडे काय होते आणि कसे बदलले, तुम्ही काय केलं. 'ट्रॉलीला मागून धडक, रात्री पावणेनऊ, हेल्मेट नव्हतं. आधी बोलत होता, वाटेत बडबडायला लागला. नाडी ९६ वरून ६०, बीपी वाढत गेलं, उजवी बाहुली मोठी. मान बांधलीय, ऑक्सिजन चालू.' हे ऐकल्यावर डोक्यात दाब वाढतोय हे ओळखून डॉक्टर सीटीचा फोन आधी लावेल, पट्टी नंतर सोडेल. एकाच आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलतो, म्हणून गंभीर पेशंटचे आकडे दर ५ मिनिटांनी, बाकीच्यांचे दर १५ मिनिटांनी.

मग कागद. विषबाधा, अपघात, भाजणं, मारहाण, या सगळ्या पोलिसांच्या केसेस. जे बघितलं ते लिहा. जे वाटलं ते नको. 'दारूचा वास' लिहा, 'दारू प्यालेला' लिहू नका. चाकूनं कपड्याला पडलेल्या भोकातून कात्री चालवू नका, बाजूनं कापा. कोण मेलं हे तुम्ही ठरवायचं नाही, ते डॉक्टर सांगतील.

आणि परतताना स्ट्रेचर पुसायचा. चादर बदलायची. सक्शनची बाटली रिकामी करून धुवायची, वास राहतो. साखरेच्या पट्ट्या मोजायच्या, तारीख बघायची, वापरलेल्या सुया जाड डब्यात. काटा बघायचा. पायलटला विचारायचं, डिझेल किती आहे. मग चहा.